जुन्या सायकलचे दांडीचे ब्रेक: माळ्यावरून उतारापर्यंत

माळ्यावरून आजोबांची सायकल खाली काढली, हवा भरली, चेनला तेल दिलं आणि टांग मारली, इथपर्यंत सगळ्यांचं छान जमतं. घोटाळा पहिल्या उतारावर होतो.

माझाही तिथेच झाला. पुण्यात चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना वडिलांच्या चोवीस इंची सायकलचे दोन्ही ब्रेक मी मुठीला टेकेपर्यंत आवळले आणि सायकल तशीच पळत राहिली. पाय रस्त्याला घासत नेला, शेवटी कडेच्या मातीच्या ढिगात सायकल घातली. चपलेचा अंगठा तुटला, गुडघा सोलला, एवढ्यावर निभावलं. आदल्याच दिवशी एका दुकानातून मी ते ब्रेक ‘टाइट’ करून आणले होते.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी गॅलरीत बसून ते ब्रेक सुटे केले, पुन्हा जोडले, पुन्हा सुटे केले. त्यातून जे उमगलं ते आधीच सांगून ठेवतो: टाइट करणं ही शेवटची पायरी आहे. रिम चिकट, रबर दगडासारखं आणि सांधे ढिले असताना दांडी कितीही आवळा, ब्रेक लागत नाही. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यामुळेच तसा लावलाय. तो मोडू नका.

तुमच्या सायकलला कोणता ब्रेक आहे?

हँडलखाली लोखंडी लिव्हर, तिथून खाली उतरणारी जाड दांडी आणि चाकाला वरून कवेत घेणारा घोड्याच्या नालेसारखा लोखंडी तुकडा दिसत असेल, तर तो दांडीचा ब्रेक, म्हणजे रॉड ब्रेक. त्या तुकड्याला मी पुढे नालच म्हणणार आहे. सोनीपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हिरो (१९५६), आसनसोलची सेन-रॅले, मद्रासकडची हर्क्युलस, कुठलीही काळी मोठी सायकल घ्या, ब्रेकचा नमुना एकच: जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा. त्यामुळे एकीचे सुटे भाग दुसरीला बहुतेक वेळा बसून जातात.

लिव्हरपासून वायर निघत असेल आणि चाकाच्या दोन बाजूंना चिमट्यासारखे दोन हात असतील, तर तो कॅलिपर ब्रेक. बीएसए एसएलआरसारख्या सडपातळ सायकलींना तो असायचा. त्याचं वेगळं प्रकरण शेवटी आहे.

दांडीच्या ब्रेकची एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. यात रबर रिमच्या बाजूला लागत नाही. ते रिमच्या आतल्या अंगाला, हबकडे (चाकाच्या मधल्या भागाकडे) तोंड असलेल्या भागावर, स्पोकच्या रांगेच्या दोन्हीकडून लागतं. लिव्हर दाबली की दांडी नालेला वर ओढते आणि रबर खालून रिमला टेकतं. म्हणूनच या सायकलींच्या रिमच्या कडा गोलसर वळवलेल्या असतात. तिला वेस्टवूड रिम म्हणतात. कुणी मध्ये कधी दुसऱ्या घाटाची रिम टाकून ठेवली असेल तर दांडीच्या ब्रेकचं रबर तिच्यावर नीट बसणार नाही, आणि मग बाकीची सगळी मेहनत फुकट जाते. रिम आधी बघून घ्या.

काय काय लागेल

– दांडीच्या ब्रेकचे रबर, चार नग. दुकानात ‘दांडी ब्रेकचे’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर कॅलिपरचे हातात पडतात. जुना नमुना सोबत न्या.
– रिंग पाने आणि फिक्स पाने. जुन्या सायकलींचे नट इंचाच्या मापाचे असू शकतात, मिलिमीटरचा पाना नेमका बसेलच असं नाही. ढिला बसणारा पाना लावू नका, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा आणावा लागतो.
– पक्कड, छोटी कानस, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश
– रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे, शिलाई मशीनचं तेल, थोडं ग्रीस
– साबणाचं पाणी, स्पिरिट, जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या
– ॲल्युमिनियमची फॉइल (पोळ्या गुंडाळायची चालते)
– गडद रंगाचं नेलपॉलिश. कशाला ते सहाव्या पायरीत कळेल.

कागदपत्रं काही लागत नाहीत, पण फोटो लागतात. एकही नट फिरवायच्या आधी मोबाइलवर दोन्ही ब्रेकचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठला वॉशर नटाच्या आत होता आणि कुठला बाहेर, हे चार दिवसांनी आठवत नाही. भाग आधीच हरवलेले असतील तर दुसऱ्या एखाद्या पूर्ण सायकलकडे नीट बघून घ्या. पुण्यात असाल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथे जुन्या सायकलींच्या दांड्या, लिव्हर, क्लिपा मूळ जागी लावलेल्या दिसतात.

१. आधी नुसतं बघा

सायकल स्टँडवर लावा. पुढचा ब्रेक हळूच दाबा आणि नजर लिव्हरवर न ठेवता नालेवर ठेवा. लिव्हर किती हलली की नाल हलायला लागते? लिव्हर बोटभर आत आली तरी नाल ढिम्म असेल, तर ढिलाई सांध्यांत आहे. नाल लगेच वर येते पण एकच रबर टेकतं, असं असेल तर नाल किंवा चाक वाकडं बसलंय. दोन्ही रबर टेकतात तरी हाताने चाक फिरतंच, तर दोष रबराचा नाहीतर रिमचा.

मागच्या ब्रेकचं हेच करा. मागच्या दांडीला वाटेत जास्त सांधे असतात. हँडलवरून खाली, तिथल्या कोपऱ्यावर वळून खालच्या नळीच्या कडेने पायडलच्या गाड्यापर्यंत (पायडलचे दांडे जिथे फिरतात तिथपर्यंत), तिथे पुन्हा वळून मागच्या चाकाकडे. सहा सांधे धरले आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर ढिलाई धरली तरी तीन मिलिमीटर वाटेतच जिरतात. मागचा ब्रेक नेहमी आधी का मरतो याचं उत्तर हेच.

२. रिम

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. रबर जिथे टेकतं तो पट्टा चाकाच्या आत असल्यामुळे वरून रिम चकचकीत दिसते, आणि आत चेनच्या तेलाचा, धुळीचा, जुन्या रबराच्या भुकटीचा काळा थर बसलेला असतो. माझ्या सायकलच्या मागच्या रिमवर नख ओढलं तर नखाखाली डांबरासारखी वळी निघाली होती. त्या थरावर नवं रबर लावून उपयोग नाही.

साबणाच्या पाण्याने चिंधी भिजवून प्रत्येक दोन स्पोकांमधून बोट घालून पुसा. पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, तेव्हा बैठक मारूनच बसा. गंजाचे ठिपके असतील तर फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. क्रोमवरचा वरवरचा गंज याने निघतो आणि ओरखडे पडत नाहीत. जाड पॉलिश पेपर रिमवर चालवू नका. क्रोमचा थर पातळ असतो, तो गेला की पुढच्या पावसाळ्यात अख्खी रिम लाल होते. शेवटी स्पिरिटने पुसा.

फसायची जागा: रिम रॉकेलने साफ करणं. घाण निघते खरी, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो आणि ब्रेक घसरतो. रॉकेल सांध्यांसाठी, रिमसाठी नाही. गंजाचा स्प्रेसुद्धा रिमवर उडू देऊ नका, मागे चिंधी धरून मारा.

क्रोम सोलून कडा उभ्या राहिल्या असतील तर त्या कडा रबर किसून काढतात. अशी रिम बदलण्यावाचून इलाज नाही.

३. चाक

चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. हबमध्ये खडखड असेल तर आधी कोन (हबमधल्या छऱ्यांना धरणारे शंकूसारखे नट) बसवून घ्या. मग चाक फिरवून बघा. कॅलिपर ब्रेकला चाकाचा बाजूचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, छळतो. दांडीच्या ब्रेकला तो थोडाफार चालतो, पण चाक वर-खाली उडत असेल तर अजिबात चालत नाही, कारण रबर खालून टेकतं. नालेजवळ बोट धरून चाक फिरवा. रिम बोटाला एका जागी टेकून दुसरीकडे दूर जात असेल तर आऊट काढून घ्या. हे काम पहिल्या वेळी मिस्त्रीकडेच द्या आणि शेजारी उभं राहून बघा. ‘वर-खालीचा पण काढा’ असं सांगायला विसरू नका, बरेच जण बाजूचा काढून थांबतात.

चाक काढायची वेळ आली तर आधी ब्रेकचे शू (रबर धरणारे लोखंडी तुकडे) काढा किंवा दांडी नालेपासून सोडवा. रबर रिमच्या आत अडकलेलं असतं, त्यामुळे नट सोडले तरी चाक खाली सुटत नाही. नवखा माणूस इथे जोर लावतो आणि नाल वाकवतो.

४. सांधे आणि दांड्या

गंजलेल्या नटाशी कुस्ती नको. संध्याकाळी रॉकेलचे दोन थेंब सोडा, सकाळी पुन्हा दोन सोडा आणि मगच पाना लावा. हललं नाही तर आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा. गंजाची पकड तडकते, बारीक ‘टक्’ ऐकू येतं, मग उलटं फिरवा. हा आवाज ओळखीचा झाला की अर्धं काम शिकलात.

प्रत्येक पिन बाहेर काढून चिंधीने पुसा. पिनवर मधोमध खाच पडली असेल तर ती बदला. तेल घालून ढिलाई जात नाही, नुसता आवाज जातो. पिन चांगली असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालून परत बसवा. लिव्हरच्या दोन टोकांना हँडलखाली जे आधार असतात तिथेही एक-एक थेंब. जास्तीचं लगेच पुसा, नाहीतर ते दांडीवरून ओघळत थेट रबरावर जातं.

दांडी सरळ आहे का ते डोळ्यासमोर आडवी धरून बघा. वाकलेली दांडी ओढली की आधी सरळ होते आणि मग ब्रेक लावते. तेवढी ओढ वाया जाते.

आता चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन्ही पायांवरच्या छोट्या क्लिपा बघा. नालेची टोकं त्यांच्या खाचेतून वर-खाली सरकतात. जुन्या सायकलींवर यातली एखादी हमखास गायब असते आणि सगळे म्हणतात, काही होत नाही. होतं. ब्रेक लागला की फिरती रिम नालेला आपल्याबरोबर पुढे ओढते. क्लिप नसली तर नाल वेडीवाकडी होते, शू स्पोकांत शिरू शकतो, आणि पुढचं चाक चालत्या सायकलला जागीच अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढची क्लिप नसेल तर ती मिळेपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

५. रबर

जुनं रबर शाबूत दिसलं तरी नख रुतवून बघा. थोडी खूण उमटली पाहिजे. नख घसरलं तर रबर मेलंय. तेल प्यायलेलं रबरही टाकून द्या, ते कशानेही सुकत नाही. नख रुततं पण वरचा भाग चकाकतोय, एवढंच असेल तर पॉलिश पेपर जमिनीवर ठेवून त्यावर रबर घासा आणि अडकलेले लोखंडाचे कण सुईने काढा. शूच्या पत्र्यापासून रबर तीन मिलिमीटरच उरलं असेल तर बदला. बदलताना एका चाकाचे दोन्ही एकदमच.

आता सगळ्यात धोक्याची चूक. रबर ज्या लोखंडी शूमध्ये सरकवतात त्याचं एक टोक बंद असतं आणि एक उघडं. रिम ज्या दिशेने पळते, त्या दिशेला बंद टोक आलं पाहिजे. उलटं बसलं तर पहिल्याच जोरदार ब्रेकला रबर उघड्या टोकातून निसटून जातं आणि रिमवर नुसतं लोखंड उरतं. पुढच्या ब्रेकला बंद टोक पुढे, म्हणजे तुमच्या प्रवासाच्या दिशेला. मागची नाल पायडलच्या गाड्यामागे, चाकाच्या पुढच्या अंगाला असते. तिथे रिम वरून खाली येते, म्हणून बंद टोक खाली. गोंधळ झाला तर चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा आणि रिम शूजवळून कुठे जातेय ते बघा.

रबराचा पूर्ण पृष्ठभाग रिमवर टेकला पाहिजे. शूचा नट ढिला ठेवा, नाल हाताने वर दाबून धरा, रबर रिमवर आपणहून जुळू द्या आणि त्याच स्थितीत नट आवळा.

६. आता जुळवणी

दांडीवर जिथे एक दांडी दुसऱ्या पोकळ तुकड्यात सरकते, तिथे आवळायचा नट असतो. तो सोडला की दांडीची लांबी कमी-जास्त होते.

रबर आणि रिमच्या मध्ये दोन्हीकडे दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. नाल वर दाबून पुठ्ठे पकडून ठेवा, लिव्हर पूर्ण सोडलेली असू द्या, आणि नट आवळा. या कामाला तीन हात लागतात. घरातल्या कुणाला तरी नाल धरायला बोलवा. आवळताना एक पाना पोकळ तुकड्यावर आणि दुसरा नटावर, नाहीतर दांडी पिळते. पुठ्ठे काढा. लिव्हर दाबल्यावर मुठीच्या बरीच अलीकडे ब्रेक घट्ट लागायला हवा. लिव्हर आणि मूठ यांच्यात दोन बोटांची जागा उरली तर उत्तम.

फट यापेक्षा कमी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. चाक जराही उडत असेल तर रबर घासत राहतं आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलाच दम कमी झालाय.

आता नेलपॉलिश. दांडी पोकळ तुकड्यात जिथे शिरते तिथे दोन्हींवर मिळून एक रेघ ओढा. वाळली की लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा आणि रेघ बघा. तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर दांडी आत घसरतेय. चांदणी चौकात माझं नेमकं हेच झालं होतं. ब्रेक टाइट केले होते, पण नटाच्या आतले आटे झिजलेले होते आणि पहिल्याच जोराला दांडी सरकली. असा तुकडा बदलायचाच. सायकल चालवायला लागल्यावरही ही रेघ आठवड्यातून एकदा बघत जा, एका नजरेत कळतं.

लिव्हर सोडल्यावर नाल खाली परतत नसेल तर स्प्रिंगला दोष द्यायच्या आधी क्लिपांच्या खाचा साफ करा. बहुतेक वेळा तिथे चिखल नाहीतर गंज असतो.

७. रस्त्यावर जाण्याआधी

हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. मागचा ब्रेक आपोआप लागता कामा नये. लागला तर हँडलजवळची दांडी जास्त ताणली गेलीय.

मग सायकलच्या शेजारी उभं राहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये. मागचा ब्रेक दाबून ढकला. चाक न फिरता टायर घासत गेलं पाहिजे. एवढं जमलं तर मोकळ्या सपाट मैदानात हळू चालवून दहा-पंधरा वेळा थांबून बघा. नवं रबर रिमवर बसायला थोडा वेळ घेतं. पहिल्या दिवशी उतार नको, डबलसीट तर नकोच.

वायरचा कॅलिपर ब्रेक असेल तर

इथे काम कमी आहे. रिम आणि रबराचे नियम तेच. शूचं बंद टोक पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढच्या बाजूलाच. रबर रिमच्या बाजूवर पूर्ण टेकायला हवं. वर सरकून टायरला लागलं तर टायरची कड कापली जाते, खाली घसरलं तर स्पोकांत जातं.

वायर लिव्हरच्या टोकाशी आणि खाली जिथे बोल्टने आवळतात तिथे तपासा. एक जरी धागा तुटलेला दिसला तर पूर्ण वायर बदला. बाहेरची नळी मुरगळली असेल तर तीही बदला. नवी वायर घालताना तिला तेलाचं बोट फिरवा. वायर आवळताना दोन्ही रबर रिमला टेकवून सुतळीने बांधून ठेवा, मग दोन्ही हात मोकळे राहतात.

ब्रेकचे चिमट्यासारखे दोन हात ज्या मधल्या बोल्टवर फिरतात तिथे समोर दोन नट एकमेकांवर आवळलेले असतात. आतला नट इतकाच आवळा की हात खडखडणार नाहीत पण सहज फिरतील. मग तो पान्याने धरून बाहेरचा त्याच्यावर घट्ट करा. ब्रेक किंचाळत असेल तर रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर आधी टेकेल असं बसवा.

पावसाळा

क्रोमची लोखंडी रिम भिजली की ब्रेकचा जोर खूपच कमी होतो. हे कितीही नव्या रबराने जात नाही. पावसात थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलकेच लावून धरा. चाकाचे दोन-चार फेरे होईपर्यंत रबर रिम पुसून काढतं, मग पकड येते. उताराच्या सुरुवातीलाच वेग कमी ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा आणि ओल्या रस्त्यावर वळताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नका.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला रिम कोरड्या चिंधीने पुसा आणि पिनांना तेलाचा थेंब द्या. एरवी महिन्यातून एकदा पुरे. चेनला तेल घालताना मागच्या रिमवर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. मागचा ब्रेक तेलकट होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. आणि सायकल पुन्हा माळ्यावर ठेवायची झालीच, तर रबर शूसकट काढून पिशवीत बांधून हँडलला अडकवा. रिमला तेलाचा हात फिरवून ठेवला तरी चालेल, मात्र परत काढताना दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.